रोग बाहेरून नव्हता आला

बाबा, तुमच्या उंदरांना रोग आपल्या घरून गेला नव्हता. सगळ्यात आधी हेच लिहून टाकतो, कारण माझा काही भरवसा नाही. एक सांगायला बसतो आणि दुसऱ्याच रस्त्याला लागतो. तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. आता दाढी येऊन तीही जुनी झाली, पण खोड तशीच आहे. आत्ता वडनेरच्या पुढे हायवेच्या कडेला आमचा ट्रक उभा आहे. स्प्रिंगचा पाटा तुटलाय, ड्रायव्हर सामान आणायला हिंगणघाटला गेलाय आणि जाताना सांगून गेला, गाडीले सोडून भटकू नोको बावा, तू गेला का मले गाडीबी सापडणार नाई अन् तूबी. म्हणून बसलोय. हॉटेलवाल्याकडून कागद मागून घेतले. पत्र लिहितो म्हटल्यावर तो माझ्याकडे पाहतच राहिला, आजकाल पत्र कोण लिहिते म्हणाला. कोणाला लिहितोय ते मी सांगितलं नाही.

सध्या मी क्लीनर आहे. "सध्या" हा शब्द मी प्रत्येक कामाला लावतो. त्याआधी तळेगावला संत्रा भरायला होतो, त्याआधी गॅरेजात, त्याआधी एका मंडपवाल्याबरोबर गावोगाव खांब रोवत फिरलो. दहावीला एकदा बसलो, दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या दिवशी नागपूरच्या गाडीत बसलो. संत्र्याचं काम बरं होतं. क्रेटमध्ये एक फळ नासलं की त्याच्या अंगाला लागलेलं दुसरं नासतं, मग तिसरं, म्हणून हात सतत फिरता ठेवावा लागतो, बोटांनी दाबून दाबून बघायचं. तिथे मला तुमची आठवण यायची. रोग म्हणजे शेजारून येणारी गोष्ट, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं, मलाही तेवढंच. आणि ज्याच्याकडून आला त्याला उचलून फेकायचं, हेही.

तुम्ही मला एकदाच वर्धेला तुमच्या उंदीरघरात नेलं होतं, जिथे साहेबांच्या प्रयोगांसाठी उंदीर पाळायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असेल, कारण माझ्या हातात लाकडी नंदीबैल होता आणि तो तुम्ही मला दाराबाहेर ठेवायला लावलात. गावात आपली टिंगल चालायची. पोट्टे मला विचारायचे, काय बे, तुहा बाप गणपतीच्या गाड्या सांभाळते म्हणे? मी सांगायचो, हो, पांढऱ्या गाड्या, लाल दिव्याच्या. आणि खरंच तशाच होत्या. काचेच्या खिडकीला नाक लावून मी उभा आहे, आत तुम्ही टोपी घालून, हिरवा डगला घालून, एकेक पिंजरा मांडणीवरून काढताय. बुडाशी धानाची फोलपटं, त्यात पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. एका पिंजऱ्यात नुकतीच झालेली पिलं, सोललेल्या शेंगदाण्यासारखी. तुम्ही पिंजरा काचेजवळ आणून मला दाखवलात आणि हसलात. टोपी आणि तोंडावरच्या फडक्यामधून फक्त डोळे दिसत होते, पण हसलेलं कळलं. बाहेर आल्यावर खिशातून एक टाकून दिलेली पाण्याची बाटली काढून दिलीत, वाकडी नळी असलेली, उंदराने चाटलं की थेंब येतो ती. मी ती खाटेला उलटी टांगली आणि आठवडाभर पडल्या पडल्या तिच्यातून पाणी चाटलं. माय म्हणायची, उठ आता, शेपूट फुटन तुले.

तेव्हा घर असं होतं. शनिवारी संध्याकाळी तुम्ही वर्धेच्या खोलीवरून अल्लीपूरच्या गाडीने घरी यायचात, माय बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसलेली असायची, आणि तुम्ही तिला उंदीरघरातल्या गोष्टी सांगायचात. एका ओळीचे, म्हणजे एकाच वंशाचे, उंदीर सारखेच्या सारखे राहावेत म्हणून बहीण-भावाचीच जोडी लावतात हे सांगितलंत, तेव्हा तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाली, तुमच्या सायबाले घरी बहीण नाई का? तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मला हे फार आठवतं. तुमचं हसणं मला एवढंच आठवतं, म्हणून असेल.

मग त्यातल्या एका ओळीला रोग लागला. तीच ओळ, जी साहेबांनी कुठून कुठून मागवली होती आणि जिच्यावर त्यांचं सगळं काम अडलेलं. उंदीर कुबड काढून बसायचे, केस उभे, श्वास भरभर. कापून बघितलं की छातीत गाठ. एका पिढीला झालं, तिची पिलं मोठी झाली, त्यांनाही झालं. तुम्ही पिंजरे उकळत्या पाण्यात काढलेत, फोलपटं जाळून नवी आणलीत, खोली धुतलीत, तरी पुढच्या पिलांना होतंच. त्याच मांडणीवर खालच्या पिंजऱ्यांत दुसरी ओळ होती, तिला मात्र काही नाही. आदल्या वर्षी दुसऱ्या खोलीत हगवणीची साथ येऊन गेली होती, ती बाहेरूनच आली होती, म्हणून साहेबांच्या डोक्यात तेच. एके दिवशी सगळ्यांना उभं करून ते म्हणाले की कोणीतरी घरून घेऊन येतंय. नाव घेतलं नाही. पण बाकीचे सगळे क्वार्टरमध्ये राहणारे, फरशीवर, गॅसवर. शेतीतून, मातीच्या घरातून येणारे तुम्ही एकटे. न घेतलेलं नाव तुम्ही उचलून घरी घेऊन आलात.

घरात उंदीर होतेच, बाबा. कोणत्या शेतकऱ्याच्या घरी नसतात? तुरीची पोती होती, शेंगा होत्या, आढ्याला बियाण्याची वांगी टांगलेली. तुम्ही बाटल्या फोडून काच बिळांत कोंबलीत आणि वरून सिमेंट लावलंत. पोती शेजारच्या जिजाच्या गोठ्यात नेऊन टाकलीत. फिनाईलने भिंतीसुद्धा पुसल्यात. एवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं. पण तिकडे उंदीरघरात तुम्हाला साहेबांनी नियम घालून दिला होता, की बाहेरचं ते बाहेर, आतलं ते आत, मधे आंघोळ. तो नियम तुम्ही घरी आणलात आणि आपल्या घरी येऊन त्याचा विटाळ झाला. दुसरं काय होणार होतं? माणसाला वेगळं ठेवायची आपल्याला एकच रीत माहीत. मातीत हात घालणारी, बाजारात पोत्यांवर बसणारी माय पडवीत गेली. महिन्याचे चार दिवस बाईने जसं बसायचं तसं ती महिनाभर बसली, मग पुढचाही महिना. तिची ताटली वेगळी, तिचं पांघरूण वेगळं. शनिवारी तुम्ही यायचात, आत स्टोव्हवर स्वतःची खिचडी टाकायचात, आणि उंबऱ्याच्या आतून तिला विचारायचात की वांग्याला काय भाव लागला. ती उंबऱ्याच्या बाहेरून सांगायची. मी उंबऱ्यावर.

तिने एकदाच तोंड उघडलं. तुम्ही हात घासत होता, साबणाने, नखांत ब्रश घालून. पडवीतून ती हळूच म्हणाली, "मंग त्या खालच्या पिंजऱ्यातले काऊन नाई मेले? खोली एकच, हात तुमचेच. रोग का जात इचारून लागते?"

तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "तुले काय समजते त्याच्यातलं? आता तू मले शिकवशीन?" आणि मग आवाज खाली आणून, जे तुम्ही ओरडून म्हणाला असता तर बरं झालं असतं, ते म्हणालात, "तुह्या हातचं खाऊन मी तिथं जातो. तेच चुकून राह्यलं."

त्यानंतर तुम्ही शनिवारचे यायचे कमी झालात. पुढचं सांगायला मला आवडत नाही. ती ओळ मारून टाकायचं ठरलं आणि ते काम तुमच्याकडेच आलं, कारण उंदीर तुमच्या हाताला न चावता यायचे. मग तुम्हाला बागेत टाकलं, झाडांना पाणी द्यायला. पावसाळ्याच्या शेवटी कावीळ झाली. दवाखान्यात माय मुगाची पातळ खिचडी घेऊन आली, मला पाठवलं आत. तुम्ही विचारलंत, कोणी रांधलं? मी म्हणालो, मायनं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. डबा भरलेला परत आला. बाहेर बाकावर बसून तिने तो मला भरवला, कारण टाकायचं कुठे. तुम्ही गेलात त्या दिवशीही ती खोलीच्या दारातच होती. लोक म्हणाले, जाय ना आत, आता कायचं. ती गेली नाही. तुम्ही उठून ओरडाल असं वाटलं असेल तिला.

तुम्हाला वाटेल, तुमच्यानंतर ती आत गेली असेल. नाही गेली. चूल तिने अंगणात मांडली, झोपते पडवीत. आतली खोली रोज झाडते, आठवड्याला फिनाईलने पुसते, आणि पाऊल मागे घेत घेत बाहेर येते. तुमचं घर तुमच्यासाठी इतकं स्वच्छ आहे की त्यात कोणी राहत नाही. मी असं घर सोडून भटकलो नसतो तर काय केलं असतं? बायका आधी तिला समजवायच्या, मग हसायच्या, आता कोणी काही म्हणत नाही. कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर ओट्यावर बसते. विचारलं तर म्हणते, मले मोकळ्यात बरं वाटते.

आता मुद्दा. आमचा ट्रक तिकडे पूर्वेकडून धानाची फोलपटं आणतो, आणि मागच्या महिन्यात एक खेप तुमच्या उंदीरघराची निघाली. मला आधी माहीत नव्हतं. फाटकातून आत शिरलो आणि वासाने ओळखलं. पोती ओली आहेत का बघायला एक डॉक्टर मॅडम आल्या, तरण्याच आहेत, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. मी म्हणालो, माझे बाबा इथेच होते. त्या काही बोलायच्या आत मी सगळं सांगून बसलो, छातीतली गाठ, तीच ओळ, खालचे पिंजरे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मॅडमनी पोत्यावरचा हात काढला आणि विचारलं, ते उंदीर कमजोर राखणीचे होते का, म्हणजे रोगाशी लढायची ताकद मुद्दाम कमी असलेले? मी म्हणालो, ठाऊक नाही, पण बाबा त्यांना कवळे म्हणायचे, साध्या पाण्यानेही मरतात म्हणायचे. मग त्यांनी झाडाखाली उभ्या उभ्या जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर माझं चुकलं.

उंदराच्या अंगातल्या प्रत्येक कणात, मॅडम त्याला पेशी म्हणाल्या, जिथे उंदीर कसा घडवायचा ते लिहिलेलं असतं, तिथेच जुन्या विषाणूंचे तुकडे पण लिहिलेले असतात. फार फार पूर्वी त्यांच्या कुठल्या पूर्वजाला ते विषाणू लागले आणि बीजातच जाऊन बसले. तेव्हापासून आईबापाकडून पिलांना, पिलांकडून त्यांच्या पिलांना, डोळ्यांच्या रंगासारखे येत राहतात. बहुतेक मोडके असतात. कोणाला डोकं नाही, कोणाला पाय नाही. पडून असतात, त्रास देत नाहीत. पण काही ओळींत, आणि जिथे अंगाची राखण कमजोर असते तिथे, ते जागे होतात. स्वतःची नक्कल काढताना दोन मोडक्यांची सरमिसळ होते, ह्याचं डोकं त्याच्या धडाला लागतं, आणि एक अख्खा चालता विषाणू उभा राहतो. मी म्हणालो, मॅडम, गॅरेजात आम्ही भंगारातल्या दोन गाड्यांची एक करायचो, एकीचं इंजिन, दुसरीची चेसिस. त्या म्हणाल्या, तसंच, फक्त इथे मिस्त्री कोणी नसतो. तो अख्खा झालेला मग एका कणातून दुसऱ्यात शिरतो, कुठेही जाऊन बसतो. वाढ काबूत ठेवणाऱ्या जागेशेजारी बसला की तो कण सुटतो, वाढतच जातो, आणि त्याचीच छातीत गाठ होते, रक्ताचा कॅन्सर होतो. आईच्या दुधातूनही तो पिलांत जातो. शेजारच्या पिंजऱ्यातल्या दुसऱ्या ओळीला नसेल लागला, कारण त्यांच्या अंगात त्याला अडवणारं काहीतरी असतं. त्याला घरचे उंदीर नकोत, घाण नको, कोणाचे हात नकोत. बाहेरून काही यावंच लागत नाही.

त्यांनी हेही सांगितलं की तेव्हाचं काही जपून ठेवलेलं नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही, पण मी सांगतोय तसं असेल तर जवळजवळ हेच. आणि असे तुकडे माणसांतही आहेत, फक्त आपले बहुतेक मेलेले. ते "बहुतेक" माझ्या डोक्यात अजून फिरतंय. वर्धेपासून घरापर्यंत मी एकच विचार करत आलो, की तुमच्या हातून काचेचे तुकडे बिळांत गेले, मायची ताटली बाहेर गेली, तुम्ही उपाशी गेलात, आणि तिकडे उंदरांच्या अंगात दोन मोडकी भुतं आपली आपण जोडली जात होती. कोणी चोर नव्हताच. चोर असता तर बरं झालं असतं, बाबा. आता मी कोणावर चिडू? साहेबांवर? तेही आता नाहीत म्हणे. उंदरांवर?

मी मध्येच उतरून अल्लीपूरला गेलो. माय अंगणात मेथी निवडत होती. मला वाटत होतं, हे ऐकून ती रडेल, नाहीतर मला मिठी मारेल, नाहीतर तुम्हाला शिव्या देईल. तिन्हींतलं काहीही चाललं असतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. सगळं सांगितलं. ती निवडत राहिली, मुळं एका बाजूला, पानं एका बाजूला.

"मंग आणला कोणं?"

"कोणीच नाही. त्याईच्या अंगातच होता. तुह्या घरचा नव्हता, हे मॅडमनं सांगितलं मले."

"अंगात कोठून आला?"

"जन्मापासूनच. आईबापाकडून येते तो, पिढ्यान् पिढ्या."

तिचा हात थांबला. "दुधातून बी?"

हो म्हणालो. का म्हणालो? मॅडम म्हणाल्या होत्या म्हणून. खरं सांगायलाच तर गेलो होतो.

"म्हंजे मायनंच देल्ला," ती म्हणाली.

मी घाईघाईने सांगायला लागलो की बापाकडूनही येतो, दोघांकडून, आणि आपण उंदरांचं बोलतोय, तुझं नाही. तिने ऐकून घेतलं, जसं लहान पोराचं ऐकतात. म्हणाली, "बापाचं कोण पायते बाप्पा?" आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी तिला रोगातून बाहेर काढायला गेलो होतो. तिने त्यातूनही स्वतःपुरती जागा शोधली आणि तिथे जाऊन बसली. ज्याच्यावर इतकी वर्षं ठपका ठेवला, त्याला आपण तो ठपका काढून नेतो म्हणतो तेव्हा त्याच्या हातात काय उरतं, ह्याचा मी विचारच केला नव्हता. तुम्ही न जेवता गेलात, ते तिच्या हाताच्या घाणीपायी, असं तिला निदान माहीत होतं. मी तेही काढून घेतलं. थोड्या वेळाने ती, माझ्याकडे न बघता, म्हणालीच, मंग ते खिचडी काऊन नाई खाल्ली त्याईनं? तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.

दुपारचं जेवण तिने वाढलं, माझं आत, तिचं बाहेर. मी म्हणालो, आत ये, आता तरी. ती म्हणाली, आत फिनाईलचा वास येते, मले घास उतरत नाई, तू जेव. मग मी ताट घेऊन बाहेर आलो, तर ती म्हणाली, बस तिकडं सावलीत, आणि स्वतः सरकून पार कडेला गेली. वांग्याची भाजी होती. ती मी कोणालाही सांगू शकेन इतकी चांगली होती, पण सांगणार कोणाला.

ड्रायव्हर येताना दिसतोय, खांद्यावर पाटा घेऊन, तोंडाने शिव्या देत असणार. हे कागद मी कुठे टाकणार? तुमच्या वर्धेच्या खोलीत आता दुसरंच कोणी राहतं. सीटखाली राहतील, फडक्यांबरोबर, नाहीतर चहा सांडला की पुसायला कामी येतील. मॅडमचं सगळं लिहून झालं, मायचं लिहून झालं, एकच राहिलं आणि तेच लिहायचं टाळत होतो.

जेवण झाल्यावर तिने पाणी मागितलं. मी आतून लोटा भरून आणला. ती बसलेली, मी उभा. तिने दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाला लावली आणि मी वरून ओतायला लागलो. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. अर्धा लोटा संपल्यावर माझं मला दिसलं, मी काय करतोय ते. बाबा, मी थांबलो नाही. ती पीत होती, म्हणून ओतत राहिलो, आणि लोटा तिच्या हाताला लागणार नाही एवढा उंच धरला होता.